‘शनिवार तेली’ खरे ज्यू आहेत हे त्यांच्या स्वयंपाकघरानं दाखवलं, आणि हाईम केहिमकरांनी ते लिहून ठेवलं

पावसाळ्यात पुण्याहून मुळशीला जाणाऱ्या गाड्यांची रांग तुम्ही पाहिली असेल. कोणी धरणाच्या काठावर थांबतं, कोणी कणीस खातं, तर कोणी थेट ताम्हिणी घाट उतरून माणगावच्या बाजूला जातं. घाट उतरला की कोकण सुरू होतं. भात तोच, पण ताटात नारळ वाढतो, वालाचं बिरडं येतं, मासळी येते.

याच घाटाखालच्या रायगड जिल्ह्यात, म्हणजे जुन्या कुलाबा जिल्ह्यात, एक समाज शेकडो वर्षं राहिला. मराठी बोलणारा. बायका नऊवारी नेसणाऱ्या, गळ्यात मंगळसूत्र घालणाऱ्या. आडनावं गावावरून, शेवटी ‘कर’. धंदा तेलाच्या घाण्याचा. फरक एवढाच, की शनिवारी यांचा घाणा बंद असायचा. म्हणून गावकऱ्यांनी त्यांना नाव दिलं, शनिवार तेली.

हे होते बेने इस्रायली, म्हणजे महाराष्ट्रातले ज्यू.

पण एकोणिसाव्या शतकात बाहेरच्या ज्यूंनी त्यांच्याकडे बघून एक अवघड प्रश्न विचारला. यांना हिब्रू येत नाही, यांच्याकडे धर्मग्रंथ नाहीत, सणांची नावं मराठी आहेत. मग हे ज्यू कसे?

या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात एका माणसानं आपलं आयुष्य घातलं. त्यांचं नाव हाईम सॅम्युअल केहिमकर. आणि त्यांना जी उत्तरं सापडली, त्यातली बरीचशी चुलीजवळची होती.

किहीमचे केहिमकर

हाईम केहिमकर यांचा जन्म १८३० सालचा, अलिबागकडचा. अलिबागजवळच्या किहीम गावावरून त्यांचं आडनाव आलं. बेने इस्रायलींची आडनावं पाहिली तर अख्ख्या अष्टागराचा आणि आसपासचा नकाशा काढता येतो. दिव्याचे दिवेकर, झिराडचे झिराडकर, चौलचे चेऊलकर, पेणचे पेणकर. हाईम हे नाव मात्र हिब्रू. त्याचा अर्थ जीवन.

ते लहान होते तेव्हा त्यांचा समाज एका मोठ्या बदलातून जात होता. गावातला घाणा सोडून माणसं मुंबईला येत होती. कोणी ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत गेलं, कोणी सुतारकाम-गवंडीकामाला लागलं, कोणी कारकून झालं. मुंबईत त्यांचं पहिलं प्रार्थनागृह १७९६ साली सॅम्युअल एझिकिएल दिवेकर यांनी बांधलं. दिवेकर कंपनीच्या फौजेत कमांडंट होते आणि टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आले होते. मांडवी भागात सॅम्युअल स्ट्रीटवर ते प्रार्थनागृह आजही आहे.

पुढे जॉन विल्सन नावाचे स्कॉटिश मिशनरी मुंबईत आले. त्यांनी १८३२ मध्ये चक्क मराठीतून हिब्रू व्याकरणाचं पुस्तक काढलं. मिशनऱ्यांच्या शाळांत बेने इस्रायली मुलं शिकू लागली. ज्या समाजाला आपली धर्मभाषा आठवत नव्हती, त्याला ती ख्रिस्ती मिशनरी शिकवत होते. पाद्रींना वाटत होतं की ही मुलं ख्रिस्ती होतील. झालं उलटंच. हिब्रू शिकलेली मुलं आपल्याच धर्माकडे अधिक जाणतेपणानं पाहू लागली.

या पिढीत केहिमकर वाढले. आपल्या समाजाला स्वतःची शाळा हवी, हे त्यांच्या मनानं घेतलं. १८५३ साली, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी सहकाऱ्यांसोबत शिक्षणाच्या प्रसारासाठी बेने इस्रायलींची एक हितकारी संस्था काढली. आणखी बावीस वर्षांनी, १८७५ मध्ये, शाळा सुरू झाली. इस्रायली शाळा म्हणून ती ओळखली गेली. मराठी, इंग्रजी आणि हिब्रू तिथे शिकवलं जाई. मुलींनाही तिथे प्रवेश होता. हीच शाळा पुढे माझगावची सर एली कदुरी शाळा झाली.

शाळा काढणं सोपं, चालवणं अवघड. समाज लहान आणि बहुतेक घरं बेताच्या पगारावर चालणारी. मदत मागायची तर लंडनच्या ज्यू संस्थांकडे, परदेशातल्या श्रीमंत ज्यूंकडे. पण तिथे तोच जुना प्रश्न उभा राहायचा. तुम्ही खरंच आमचे का?

आपल्याच लोकांनी उभी केलेली भिंत

मुंबईत तेव्हा बगदादहून आलेल्या ज्यूंचाही समाज होता. त्यांचे सर्वात मोठे पुढारी डेव्हिड ससून. पुण्याचं ससून रुग्णालय आणि कॅम्पातलं लाल देऊळ त्यांच्याच नावाशी जोडलेलं. पैसा, व्यापार आणि इंग्रजांशी घसट, सगळं त्यांच्याकडे होतं.

सुरुवातीला बगदादी ज्यू बेने इस्रायलींच्याच प्रार्थनागृहात येत, त्यांच्याच दफनभूमीत दफन होत. नंतर दुरावा आला. १८३६ मध्ये ससून आणि त्यांच्या सोबत्यांनी दफनभूमीत दोन समाजांमध्ये भिंत घालावी म्हणून सरकारकडे अर्ज केला. सोयरिकी तर ते टाळतच. बेने इस्रायलींनी धर्माचे सगळे नियम पाळलेत का, त्यांची कुळं शुद्ध आहेत का, अशा शंका काढल्या जात.

म्हणजे केहिमकरांसमोर दुहेरी काम होतं. मुलांना शिकवायचं, आणि मुलं कोणाची आहेत हेही जगाला पटवून द्यायचं. १८९२ साली त्यांनी एक पुस्तिका काढली. त्यात समाजाच्या इतिहासाची रूपरेषा होती आणि सोबत शिक्षणासाठी मदतीचं आवाहन. इतिहास आणि देणगीची विनंती एकाच पुस्तिकेत का, हे आता लक्षात येईल.

पण इतिहास लिहायचा कशाच्या आधारावर? शिलालेख नाहीत, जुने ग्रंथ नाहीत, वंशावळीचे कागद नाहीत. होत्या त्या तोंडी आठवणी आणि घरात चालत आलेल्या रीती. केहिमकरांनी त्याच गोळा केल्या.

मासळीची परीक्षा

समाजाची मूळ आठवण अशी. फार पूर्वी एक गलबत चौलच्या जवळ खडकावर आपटून फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि नवगावच्या किनाऱ्याला लागल्या. बुडालेल्यांना तिथेच पुरलं. त्या सात जोडप्यांपासून समाज वाढला. ग्रंथ समुद्रात गेले, भाषा हळूहळू गेली. उरलं काय? शनिवारची सुट्टी, मुलांची सुंता, ‘शेमा’ ही एक प्रार्थना, आणि काय खायचं, काय नाही याचे नियम.

पुढे कित्येक पिढ्यांनी डेव्हिड राहबी नावाचे एक ज्यू गृहस्थ कोकणात आले. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. केहिमकरांनी तो खूप जुना धरला, इतर काहींनी अठराव्या शतकातला. राहबींना संशय आला की हे तेली आपल्यापैकी असावेत. खात्री कशी करायची?

परंपरा सांगते की त्यांनी बायकांना मिश्र मासळी दिली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी चुलीवर भांडं ठेवण्याआधी मासळी निवडली. ज्यांना पर आणि खवले आहेत ते मासे ठेवले, बाकीचे बाजूला काढले. आम्ही ते खात नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्यू धर्मशास्त्राचा नियम नेमका हाच आहे. पर आणि खवले असलेली मासळी चालते. कोळंबी, खेकडा, तिसऱ्या, मुशी चालत नाही.

कोकणच्या किनाऱ्यावर राहून कोळंबी न खाणं ही साधी गोष्ट नाही. शेजारच्या प्रत्येक घरात तिचा वास दरवळत असताना शेकडो वर्षं एक समाज ती चुलीवर चढवत नाही, आणि का चढवत नाही हे त्याला पूर्णपणे आठवतही नाही. राहबींना पुरावा मिळाला. त्यांनी तीन माणसांना हिब्रू आणि धर्मविधी शिकवले. या तीन घराण्यांकडे काजीपद आलं. झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर ही ती नावं.

सण मराठी, तारखा मात्र त्याच

केहिमकरांच्या लिखाणातला सर्वात रसाळ भाग सणांचा आहे. बेने इस्रायलींना सणांची हिब्रू नावं आठवत नव्हती. त्यांनी मराठी नावं ठेवली होती, आणि त्यातली बरीच स्वयंपाकावरून आली होती.

नव्याचा सण : हा ज्यूंचा नववर्षाचा सण. तो साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो, म्हणजे भातात दाणा भरायच्या सुमाराला. मुळशीच्या आंबेमोहर पिकवणाऱ्या शेतकऱ्याला नव्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. आजही या सणाला बेने इस्रायली घरांत चिकाचा हलवा होतो. गहू दोन-तीन दिवस भिजवायचा, वाटायचा, गाळायचा, खाली बसलेला चीक घ्यायचा. मग तो नारळाच्या दुधात साखर घालून तासन् तास ढवळायचा. एकट्या बाईचं हे काम नाही. त्यामुळे शेजारणी, नणंदा-भावजया आळीपाळीनं पळी हातात घेतात.

खिरीचा सण : त्याच महिन्यात नव्या धान्याची खीर व्हायची. नारळाचं दूध, गूळ, धूप आणि शेमाची प्रार्थना.

दारफळणीचा सण : हा वर्षातला सर्वात मोठा उपवास, योम किप्पूर. दिवसभर दारं लावून घरात बसायचं, अन्नपाणी वर्ज्य.

शिळा सण : उपवासाचा दुसरा दिवस. या दिवशी दानधर्म करायचा आणि एकमेकांकडे जायचं.

होळीचा सण : ज्यूंचा पुरीम होळीच्या आसपास येतो. नाव आपसूक जुळलं.

अनाशी ढाकाचा सण : सर्वात विलक्षण हा. ज्यूंच्या पेसाह सणात आठ दिवस आंबवलेलं काहीही खायचं नसतं. मिसर देशातून सुटताना पीठ फुगायला वेळ मिळाला नाही, याची ती आठवण. कोकणात ही कथा विसरली गेली होती. पण घरात आंबट द्रवाचं एक भांडं असे, अनास. या सणाला ते भांडं आठ दिवस झाकून ठेवलं जाई. झाकण का ठेवायचं हे माहीत नाही, पण ठेवायचं हे पक्कं.

बिरड्याचा रोजा : जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा दुखवटा. तो साधारण श्रावणाच्या सुमारास येतो. मांस वर्ज्य, आणि या उपवासाला जोडलेलं जेवण म्हणजे मोड आलेल्या वालाचं बिरडं. मंदिर विस्मरणात गेलं, पण दुःखाच्या दिवशी बिरडं करायचं हे लक्षात राहिलं.

या यादीत एक मोठा सण नाही. हनुक्का. तो इसवी सनापूर्वी १६४ च्या सुमारास मंदिर पुन्हा शुद्ध केल्याच्या आठवणीचा. बेने इस्रायलींना तो ठाऊकच नव्हता. केहिमकरांनी आपले पूर्वज इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमारास देश सोडून निघाले असं मत मांडलं, त्याच्याशी ही गोष्ट जुळते. सण सुरू होण्याआधीच माणसं निघालेली असतील तर तो त्यांना माहीत कसा असणार? आजचे सगळे इतिहासकार ही तारीख मान्य करत नाहीत. पण न केलेल्या पक्वान्नालाही पुरावा मानता येतं, हे यातून दिसतं.

ताटात दूध का नाही?

बेने इस्रायली जेवण पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते पूर्ण कोकणी वाटतं. भात, आमटी, तांदळाची भाकरी, मासळीचं कालवण, हिरव्या वाटणाचं मटण. फरक दडलेला असतो.

ज्यू नियमाप्रमाणे मांस आणि दूध एकत्र येत नाही. म्हणून मटणात दही नाही, आणि मटणाच्या जेवणावर दुधाची खीर नाही. मग गोड काय? कोकणानं उत्तर तयारच ठेवलं होतं. नारळाचं दूध. जिथे इतर घरांत गाईचं दूध पडतं, तिथे यांच्याकडे नारळाचं पडतं. मांस धुऊन, मीठ लावून त्यातलं रक्त काढून टाकायचं. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत शनिवारचं जेवण करून ठेवायचं, कारण शनिवारी चूल पेटवायची नाही. शुक्रवारच्या प्रार्थनेला द्राक्षाचा रस लागतो. खेड्यात तो कुठून आणणार? मग काळ्या मनुका भिजवून त्याचं सरबत. आजही अनेक घरांत तेच चालतं.

शेजाऱ्यांचा विचारही होता. ज्यू धर्मात गोमांसाला बंदी नाही, पण कोकणातल्या बेने इस्रायलींनी पिढ्यान् पिढ्या ते टाळलं.

याच काळात पुण्यातही एक काम झालं. १८७४ साली पुण्यात पेसाहच्या विधीचं पुस्तक, म्हणजे हगादा, हिब्रू आणि मराठीत छापलं गेलं. त्यातल्या चित्रांत बिनआंबवलेली भाकरी करणाऱ्या बायका साडीत दाखवल्या आहेत. पीठ मळणं, लाटणं, भाजणं, सगळं चित्रांत. झाकलेल्या भांड्याचा अर्थ आता लोकांना पुन्हा कळू लागला होता.

जी गोष्ट अडचणीची होती तीही

स्वयंपाकघर ओळख जपतं, तसं ते माणसांना बाहेरही ठेवतं. बेने इस्रायलींत गोरे आणि काळे असे दोन गट होते. ज्यांच्या आया समाजाबाहेरच्या होत्या, त्यांच्या वंशजांना काळे म्हटलं जाई. गोरे त्यांच्याशी लग्न करत नसत आणि त्यांच्या पंगतीला बसत नसत. भांडीसुद्धा वेगळी.

बगदादी ज्यू आपल्याला कमी लेखतात म्हणून दुखावलेला समाज आपल्याच काही माणसांना तसंच वागवत होता. केहिमकरांच्या इतिहासात या विभागणीची नोंद आहे. बाहेरच्यांना पटवण्यासाठी लिहिलेल्या पुस्तकात ती झाकणं सोपं होतं. ती झाकली गेली नाही म्हणून आज आपल्याला ती कळते. पुढे विसाव्या शतकात हा भेद हळूहळू पुसट झाला.

चाळीस वर्षं पडून राहिलेलं हस्तलिखित

केहिमकरांनी हा सगळा ऐवज इंग्रजीत लिहून काढला. भारतातल्या बेने इस्रायलींचा इतिहास असं त्या ग्रंथाचं नाव. १८९७ मध्ये हस्तलिखित पूर्ण झालं. तेव्हा मुंबईत प्लेगची साथ होती, लोक शहर सोडून पळत होते. केहिमकर सदुसष्ट वर्षांचे होते.

पुस्तक छापलं गेलं नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात केहिमकर वारले. ज्या कामासाठी त्यांनी इतकी वर्षं गावोगावच्या आठवणी जमवल्या, ते पुस्तक छापील रूपात त्यांनी कधीच पाहिलं नाही.

१९३६ मध्ये इमॅन्युएल ओल्सवांगर नावाचे ज्यू अभ्यासक भारतात आले. गांधीजी आणि नेहरूंना भेटणं हा त्यांच्या दौऱ्याचा हेतू होता. त्यांच्या संपादनाखाली केहिमकरांचा ग्रंथ १९३७ साली तेल अवीवमध्ये प्रसिद्ध झाला. लिहिल्यानंतर बरोबर चाळीस वर्षांनी, आणि तोही अशा शहरात, जे केहिमकर लिहीत होते तेव्हा वसलेलंच नव्हतं.

पण प्रश्न संपला नव्हता. १९४८ मध्ये इस्रायल स्वतंत्र झाल्यावर हजारो बेने इस्रायली तिकडे गेले. भारतात त्या वेळी त्यांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. १९६२ च्या सुमारास इस्रायलमधल्या धर्मपीठानं त्यांच्या लग्नांच्या बाबतीत पुन्हा कुळाची चौकशी सुरू केली. तोच जुना संशय. मराठी माणसांनी जेरुसलेममध्ये आंदोलनं केली, आणि अखेर १९६४ मध्ये बेने इस्रायली हे पूर्णपणे ज्यू आहेत असं सरकार आणि संसदेनं मान्य केलं. केहिमकर ज्या शंकेशी आयुष्यभर झगडले, ती त्यांच्या मृत्यूनंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळ टिकली होती.

आज काय उरलं आहे?

भारतात आता बेने इस्रायली काही हजारच आहेत. अलिबागची इस्रायल आळी आहे, पण तिथली बरीच घरं बंद. पुण्यात रास्ता पेठेत त्यांचं सुक्कथ शेलोमो प्रार्थनागृह आहे. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला.

आणि स्वयंपाक आहे. एस्थर डेव्हिड यांनी भारतभरच्या ज्यू घरांत फिरून पाककृती जमवल्या, त्यांचं ‘बेने अपेटिट’ हे पुस्तक २०२१ मध्ये आलं. केहिमकरांनी पाककृती दिल्या नाहीत. पण कोणत्या दिवशी काय रांधायचं हे त्यांनी लिहून ठेवलं नसतं, तर अनाशी ढाकाचा सण हे शब्दसुद्धा आज आपल्यापर्यंत पोचले नसते.

या स्वयंपाकातला सर्वात सोपा पदार्थ कोणालाही घरी करता येईल. तो म्हणजे मलिदा. बेने इस्रायली एलियाहू हन्नबी, म्हणजे एलिया प्रेषिताच्या नावानं तो करतात. लग्न ठरलं, बाळ झालं, नवस फेडला, नवं घर घेतलं की मलिदा. अलिबागजवळच्या खंडाळा गावात खडकावर एलियाच्या रथाची खूण आहे अशी श्रद्धा आहे. एलियाहू हन्नबीचा टापा असं त्या जागेला म्हणतात, आणि लोक तिथे जाऊन मलिदा करतात.

दोन वाट्या जाड पोहे धुऊन निथळत ठेवा. मऊ झाले की त्यात एक वाटी खवलेला ओला नारळ, चवीप्रमाणे गूळ किंवा साखर, वेलची-जायफळ पूड, बेदाणे आणि बदाम-पिस्त्याचे काप घालून हलक्या हातानं कालवा. ताटात ढीग करा आणि भोवती फळं मांडा. खजूर, केळं, सफरचंद, जी मिळतील ती. प्रार्थना झाली की सगळ्यांना वाटा. दुधाचा थेंब नाही, त्यामुळे जेवणात मटण असलं तरी चालतं.

पोहे आपले, नारळ आपला, गूळ आपला. मुळशीतल्या कुठल्याही घरात हे सामान आताही सापडेल.